मारुतीचं पाणी

माठ मारुतीच्या डाव्या हाताला होता, आणि वनिता सकाळपासून त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

मे महिन्यातला शनिवार, साडेदहा वाजून गेलेले. व्यायामशाळेचे पत्रे तापून टकटक वाजत होते. जिल्ह्याच्या संघासाठी निवड नऊला सुरू व्हायची होती, पण चिटणीस शेटेअण्णा आल्याशिवाय नारळ फुटणार नव्हता आणि अण्णा त्यांच्या पेंडीच्या दुकानात अडकले होते. आम्ही चौघी मुली भिंतीला टेकून होतो. समोर तुळईच्या कडीतून अठरा फुटांची सुती दोरी खाली लोंबत होती. मल्लखांबाचा लाकडी खांब मुलांचा आणि ही दोरी आमची.

"पाणी पी," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

"नको."

"ओठ बघ तुझे. सालं निघाल्यात."

"नको म्हटलं ना, रोहिणे."

"मी भांड्यातनं आणून देते. तू हात लावू नकोस माठाला."

वनितानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याहून वर्षाने मोठी, सोळाची. दोरीवर तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. वर गेली की खालच्या सगळ्या चिंता खाली ठेवून जायची. त्या दिवशी मात्र तिचे डोळे खोल गेले होते.

"मारुतीचा माठ हाय तो," ती अगदी हळू बोलली. "वस्तादांना फसवलं ते फसवलं. आता त्याला कशाला फसवू?"

तिनं सकाळीच माझ्या कानात सांगितलं होतं की तिचा दुसरा दिवस आहे.

आमच्या व्यायामशाळेत मारुती होता, की मारुतीच्या देवळात व्यायामशाळा होती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. शेंदूर लावलेला हातभर उंचीचा मारुती एका कोनाड्यात, त्याच्या उजवीकडे मुद्गल, डावीकडे माठ. ज्ञानू वस्ताद रोज पहाटे स्वतः विहिरीचं पाणी आणून तो माठ भरायचे. ज्या मुलीची पाळी असेल तिनं उंबरा ओलांडायचा नाही, बाहेरच्या पायरीवर बसायचं, एवढा नियम होता. वस्तादांनी तो कधी तोंडानं सांगितला नाही. मुलगी पायरीवर दिसली की ते हजेरीची वही उघडायचे आणि तिच्या नावापुढं 'अ' लिहायचे. अ म्हणजे अडचण.

गोची अशी, की न आलेल्या मुलांच्या नावापुढंही ते 'अ'च लिहायचे. अ म्हणजे अनुपस्थित. आणि शेटेअण्णांनी दांड्या मारणाऱ्या पोरांना चाप लावायला नियम काढला होता, की तीन महिन्यांत दहाच्या वर 'अ' झाले तर निवडीला बसायचं नाही. महिन्याचे चार दिवस, तीन महिन्यांचे बारा. हे गणित वस्तादांनी कधी केलं नाही आणि अण्णांनी तर नाहीच. आम्ही मुलींनी मात्र ते पहिल्याच दिवशी केलं होतं. वनिताचे तोवर, तापाचा एक धरून, दहा झाले होते. आज पायरीवर बसली असती तर अकरावा लागून निवड गेलीच होती, म्हणून ती उंबरा ओलांडून आत आली होती. आत आली खरी, पण आपण देवाला बाटवायचं नाही एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं. म्हणून पाणी नाही. आणि शनिवारचा उपास धरला होता, तोही पाण्याशिवाय. आपल्या चुकीचं जेवढं जमेल तेवढं फेडावं, असा तिचा हिशेब.

मला त्या वेळी एक वाक्य बोलता आलं असतं. मी ते बोलले असते तर तिनं उठून दोन भांडी पाणी प्यायलं असतं, याची मला आजही खात्री आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि तिच्या शेजारी गप्प बसून राहिले. आमच्या व्यायामशाळेतून फक्त दोन मुली घेणार होते, हे मी विसरले नव्हते.

अकराच्या सुमाराला अण्णा आले. धोतराच्या सोग्यानं घाम पुसत खुर्चीवर बसले आणि दोरीकडे बघून म्हणाले, "ज्ञानू, ही अजून आहे वाटतं."

"हाय की," वस्ताद म्हणाले. "जिल्ह्यात नाव काढणार पोरी."

"नाव निघेल तेव्हा निघेल. पंचमंडळींना मी काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? देवाच्या दारात एक जरी भानगड झाली, तर त्याच दिवशी दोरी खाली."

वस्तादांनी मान हलवली. मुलांनी क्रिकेटच्या नादानं तालीम सोडल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही दोरी टांगली होती. 'अंग हलकं लागतं, पोरींना जमंल,' एवढंच तेव्हा म्हणाले होते. त्यासाठी पंचांशी भांडले, घरोघर जाऊन आयांना समजावलं. एका बाजूचा कान पार चपटा झालेला, आवाज घोगरा, पण आमच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. गावात मुलींनी अंग हलवावं अशी तेवढी एकच जागा होती, अठरा फूट उंच आणि अंगठ्याएवढी जाड. ती गेली असती तर आम्ही चौघी संध्याकाळी दळणाच्या रांगेत उभ्या राहिलो असतो.

नारळ फुटला. पहिल्यांदा शिंद्यांच्या दोघी बहिणी चढल्या. धाकटी आसन लावताना दोनदा अडखळली. मग माझं नाव आलं. मी उठले, माठाकडे गेले, भांडंभर पाणी प्यायले, आणि दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडून वर गेले. माझा संच चांगला झाला. पद्मासन घातलं, दोरीवर आडवी झाले, कमरेला वेढा घेऊन उलटी लोंबले. खाली आले तेव्हा वस्तादांनी नुसती भुवई उचलली. ती त्यांची शाबासकी.

"वनिता," वस्तादांनी हाक मारली.

ती उठताना भिंतीला हात धरून उठली. मला ते दिसलं. वस्तादांना दिसलं नाही, कारण ते वहीत लिहीत होते.

"वने, थांब जरा," मी म्हणाले.

"सरक."

वर जाताना ती नेहमीसारखीच गेली. तीन झेपांत दोरीच्या मध्यावर. पद्मासन घातलं तेव्हा अण्णासुद्धा खुर्चीत पुढे सरकले. मग ती आडवी झाली. मग उलटी. डोकं खाली, मांडीला दोरीचा वेढा, आणि सगळा भार पायाच्या त्या दोन बोटांच्या चिमटीवर. हात सोडून तिनं नमस्कार करायचा होता आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे होते.

मी खालून मोजत होते. चार झाले, पाच झाले. तिचे जोडलेले हात हळूहळू सुटे झाले आणि खाली लोंबले. चेहरा उलटा असूनही लाल दिसत नव्हता. राखेच्या रंगाचा दिसत होता.

"वस्ताद," मी म्हणाले, "तिचा अंगठा सुटतोय."

वस्तादांनी वर पाहिलं. "वने, दोरी धर. हातानं दोरी धर, पोरी."

तिला ऐकू गेलं नाही. वस्ताद वही टाकून पुढं झेपावले आणि तेवढ्यात ती आली. त्यांच्या छातीवर आदळली, दोघंही खाली कोसळले, आणि वनिताचा उजवा हात गादीच्या बाहेर शहाबादी फरशीवर आपटला. तो आवाज मी नंतर कित्येक महिने ऐकत होते.

वस्तादांनी तिला मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले, मनगटाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. शिंद्यांची थोरली रडायला लागली. मी माठातलं पाणी आणून तिच्या तोंडावर मारलं, तर शुद्धीवर येता येता वनिता पहिलं काय बोलली असेल, तर "ते नको."

गादीच्या खाकी खोळीवर डाग पडला होता. अण्णा खुर्चीतून उठून जवळ आले होते. त्यांनी तो बघितला, मग वनिताकडे बघितलं, मग कोनाड्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

"ज्ञानू," ते म्हणाले, "ही आत आलीच कशी?"

वस्तादांनी शिंद्यांच्या थोरलीला रिक्षा आणायला पिटाळलं, आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं वनिताचा हात बांधला, तिला उचलून रिक्षात नेऊन बसवलं. दोघी बहिणी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. मलाही जायचं होतं, पण वस्ताद म्हणाले, "तू थांब. गादी गुंडाळ." मी थांबले.

"देवानं दाखवून दिलं," अण्णा म्हणत होते. "वरच्या वर दाखवून दिलं. आज मनगटावर निभावलं. उद्या मान मोडली असती तर तिच्या बापाला तू काय सांगणार होतास?"

"व्हय," वस्ताद म्हणाले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं. बायकांच्या जातीला हे चालत नाही. त्या दिवसांत अंगात जीव नसतो, आणि ही पोरगी उलटी लटकते. वर मारुतीच्या पुढ्यात."

"व्हय, अण्णा."

"मग?"

वस्तादांनी कोपऱ्यातली शिडी उचलली. तुळईला लावली. एकेक पायरी चढताना त्यांचा गुडघा वाजत होता, एरवी कधी वाजलेला मी ऐकला नव्हता. वर पोचल्यावर त्यांनी कडीतल्या गाठींना हात घातला. दोन गाठी होत्या, एकावर एक, दोन वर्षांत घट्ट बसलेल्या. पहिली सोडवायला त्यांना दातही लावावे लागले.

मी गुंडाळलेली गादी भिंतीला लावली आणि वळले.

"वस्ताद," मी म्हणाले, "वनिता पाळीनं नाही पडली."

त्या जागेत तो शब्द त्याआधी कुणी उच्चारला नव्हता. अण्णांनी तोंड फिरवलं. वस्ताद गाठीकडेच बघत होते.

"ती तहानेनं पडली. सकाळपासनं पाणी नाही घेतलं तिनं. काल रात्रीपासनं पोटात अन्न नाही. मारुतीचा माठ बाटंल म्हणून."

"बाटलाच की," अण्णा म्हणाले.

"आज नाही बाटला." मी म्हणाले. "बाटायचा असला तर आठ महिन्यांमागंच बाटलाय. मी पितेय त्यातलं. माझा पण आज दुसराच दिवस आहे."

वस्तादांचे हात थांबले.

"तुझा?" ते वरून म्हणाले. "तुझ्या नावापुढं तर एक बी अ न्हाई. मला वाटलं, तू अजून ल्हान हाईस."

"आठ महिने झाले."

"आन तू आत येत हुतीस."

"हो."

"दर खेपेला."

"पहिल्या दिवशी पोटात दुखतं. तेव्हा मी वेढा घेत नव्हते, उलटीपण होत नव्हते. नुसती वर-खाली करायचे आणि हात-पाय मोकळे करायचे. तुम्हाला सांगायचे, घोटा मुरगळलाय."

"दर म्हैन्याला घोटा मुरगळायचा तुझा," वस्ताद वरून म्हणाले. "मी तुला निरगुडीचं तेल दिलं हुतं. म्हटलं, पोरीचा घोटाच कच्चा."

"आई लावते ते. तिच्या कमरेला."

एरवी ही गोष्ट कुणी सांगितली असती तर मी हसले असते. वस्तादही हसले असते. त्या दिवशी दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कुणी शिकिवलं तुला हे?" त्यांनी विचारलं.

"आईनं. ती मागावर असते. बारा तास उभी. मागाला अडचण नसते." आईचंच वाक्य होतं ते. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी घरी अंथरूण धरलं होतं आणि तिनं मला गूळ-पाणी देऊन उठवलं होतं. ती म्हणाली होती, 'पोटात भाकरी आन पाणी असलं की अंग चालतंय. लई दुखलं तर बस. डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच बस, कुणाची वाट बघू नगं. न्हाईतर चाल.' त्यात देवाचा कुठं उल्लेखच नव्हता, म्हणून मीही देवाला त्यात ओढला नाही. तहान लागली की माठातलं प्यायले. पहिल्या वेळी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघितलं होतं, हे कबूल करते. दुसऱ्या वेळी नाही.

"ऐकलंस, ज्ञानू?" अण्णा म्हणाले. "म्हणजे आठ महिने हे असं चाललंय. आणि तोंड वर करून सांगते. सोड ती दोरी, मला दुकान उघडायचंय."

वस्ताद माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. फसवल्या गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यांनी हळूच मान वळवली आणि दुसऱ्या गाठीला हात घातला.

पुढं मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. गेली बावीस वर्षं मी मुलींना दोरी शिकवते आहे, आणि त्यांच्यातल्या कुणी असं केलं तर मी तिला वर्षभर दोरीला हात लावू देणार नाही. पण तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि ती दोरी खाली येताना मला बघवत नव्हतं.

मी माठाकडे गेले. भांडं बुडवून भरलं आणि अण्णांच्या देखत, मारुतीच्या देखत, घोट घोट करत सगळं प्यायले. मग पालथ्या हातानं तोंड पुसलं, दोरी पकडली आणि चढायला लागले.

"ए," वस्ताद ओरडले. "एक गाठ सुटलीया. उतर खाली."

मी उतरले नाही. दोरी कडीत करकरत होती, एरवी ती तशी करकरत नाही. खाली गादीही नव्हती, मीच ती गुंडाळून भिंतीला लावली होती. हे मला अर्ध्यावर गेल्यावर आठवलं. पण बोटांची चिमटी सुटली नाही, आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून मी पुढचा हात वर टाकला.

"रोहिणे, ऐक माझं. दुसरी बी ढिली झालीया. मी हात घातलाय तिला."

"मग धरा," मी म्हणाले.

मी वर पोचले तेव्हा वस्तादांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. ते एका हातानं तुळईला धरून होते आणि दुसऱ्या हाताची मूठ गाठीवर आवळलेली होती. मनगटावरच्या शिरा फुगल्या होत्या. माझं सगळं वजन त्या मुठीत होतं. मी इतक्या जवळून त्यांना कधी बघितलं नव्हतं. डोळे ओले होते, घामानं की कशानं ते मला कळलं नाही.

"तुझा हात थरथरतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अंधारी?"

"नाही."

"पोटात?"

"थोडं दुखतंय. चालतंय तेवढं."

"पायांची आढी पक्की धर. हलू नगंस. मला दुसरा हात सोडावा लागंल."

त्यांनी तुळईचा हात सोडला. शिडीच्या वरच्या पायरीवर नुसत्या पायांच्या जोरावर उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी, मी लोंबकळत असताना, ती ढिली झालेली गाठ ओढून आवळली. मग सुटलेलं टोक कडीतून घेतलं, पहिली गाठ पुन्हा मारली. मग तिच्यावर आणखी एक. मी आकडे मोजत होते. एकशेदहापर्यंत मोजल्याचं आठवतं.

"आता उतर," ते म्हणाले. "सावकाश."

खाली टेकल्यावर मी फरशीवर बसकण मारली. अण्णा मधोमध उभे होते.

"ज्ञानू, मी सोडायला सांगितली होती."

वस्ताद शिडी उतरून आले. हातावर दोरीचे वळ उठले होते, ते चोळत म्हणाले, "अण्णा, म्या बांधलीया. आता माझ्यानं न्हाई सुटायची. तुमास्नी सोडायची असली तर शिडी हाय तितं."

अण्णांनी शिडीकडे पाहिलं. मग आपल्या पोटाकडे पाहिलं असावं. पंचांपुढं हा विषय मांडणार, देवळाचं शुद्धीकरण करायला लावणार, असं बरंच बोलत ते निघून गेले. त्यांनी विषय मांडलाही. दोन बैठका झाल्या. त्यांत काय झालं ते वस्तादांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण दोरी राहिली.

त्या दिवशी अण्णा गेल्यावर वस्तादांनी जमिनीवर पडलेली वही उचलली. माझं नाव काढलं आणि निवडीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

"खोटं बोललीस," ते म्हणाले. "घोट्याचं."

"वहीत अ लागला असता."

"त्ये मला सांगायचं."

"कसं सांगणार?"

पेन्सिल हातात धरून वस्ताद वहीची मागची पानं उलटत राहिले, एकेका मुलीच्या नावापुढचे 'अ' बोटानं मोजत. वनिताचे मोजले. ज्या दोघी हिवाळ्यात सोडून गेल्या होत्या त्यांचेही मोजले. त्या 'दांड्या मारतात' म्हणून त्यांच्या घरी जाऊन वस्ताद रागावून आले होते.

"चार चार दिस," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हंजे कुणीच बसलं नसतं निवडीला."

जिल्ह्याला शिंद्यांच्या दोघी बहिणी गेल्या आणि हरून आल्या. वनिता असती तर काय झालं असतं, हे गावात सगळ्यांनी बोलून दाखवलं. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही, कारण जिभेवरचं ते वाक्य मी गिळलं होतं हे कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वनिताच्या घरी मी पहिले आठ दिवस गेलेच नाही. नववा दिवस उजाडल्यावर तीच व्यायामशाळेत आली, हात गळ्यात बांधलेला, मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

ती उंबऱ्याशी येऊन थांबली. माठ जागेवर नव्हता.

तो बाहेर पायरीवर होता. निवडीच्या दुसऱ्याच दिवशी वस्तादांनी तो आतून उचलून पायरीवर आणून ठेवला होता, खाली विटा लावून, वर ओलं फडकं टाकून. का ठेवला ते बोलले नाहीत. मारुतीचा नियम मोडायची त्यांची छाती नव्हती, आणि पोरींना तहानलेलं बघायचीही राहिली नव्हती. म्हणून त्यांनी पाणीच देवाच्या हद्दीबाहेर काढलं. वहीतले 'अ' मुलींच्या नावापुढं पुन्हा दिसले नाहीत. पायरीवर बसायची प्रथा जायला मात्र आणखी सहा वर्षं लागली, आणि ती जाताना कुणी काही जाहीर केलं नाही.

"हे कुणाचं पाणी?" वनितानं विचारलं.

"कुणाचंच नाही. आपलं."

ती पायरीवर बसली. मी भांडं भरून तिच्या डाव्या हातात दिलं. तिनं ते लगेच तोंडाला लावलं नाही.

"शिंदीनं सांगितलं मला," ती म्हणाली. "रस्ताभर बोंब हाय, तू काय म्हणालीस त्याची. आठ म्हैने पीत हुतीस तू आतलं."

"हो."

"त्या दिवशी बी तुझा दुसराच हुता."

"हो."

"मी तुज्या शेजारी बसली हुती, रोहिणे. दोन तास."

मी माठावरचं फडकं नीट केलं.

"नुसतं म्हणायचंस, 'माझी बी आलीया आन मी पितेया.' एवढंच म्हणायचंस. मी पेले असते."

"माहीत आहे."

"मग?"

तिच्यापुढं खोटं बोलायला मला घोटा नव्हता. "दोनच जागा होत्या," मी म्हणाले.

वनिता पाण्याकडे बघत राहिली. रस्त्यावरून पेंडीची बैलगाडी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत ती तशीच बसून होती. मला वाटलं, आता ही भांडं माझ्या तोंडावर मारणार, आणि तसं केलं असतं तर मी पुसलंही नसतं.

तिनं भांडं वर उचललं आणि न थांबता सगळं पाणी प्यायलं. मग रिकामं भांडं माझ्यापुढं धरलं.

"अजून घाल," ती म्हणाली.